घाटात काटा मधेच होता: केटरिंगच्या व्हॅनला टेंपरेचर मीटर आणि अलार्म बसवल्याचं पूर्ण प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी आमच्या शेजारच्या काकांची. इंदूरात सुदामानगरात राहतात, मुंजी, साखरपुडे, श्राद्धपक्षाची जेवणं, गणपतीतले मोदक असं सगळं करतात, केटरिंगचा धंदा त्यांच्या वडिलांपासूनचा आहे. नावं मुद्दाम देत नाही, गाडीच्या कंपनीचंही नाही, कारण जे झालं ते कुठल्याही जुन्या डिझेल व्हॅनमधे होऊ शकतं. मी पीथमपूरला एका कारखान्यात पॅनल वायरिंग करतो. मेकॅनिक नाही, पण सेन्सर, रिले, वायर हे रोज हातात असतं म्हणून काकांनी मला हाक मारली.

गाडी २००९ ची. इंजिन ड्रायव्हर आणि बाजूच्या सीटच्या मधे फायबरच्या झाकणाखाली, रेडिएटर पुढे नाकावर. मागच्या दोन रांगा काढून तिथे पातेली, शेगड्या, सिलेंडर, पाण्याच्या टाक्या, आणि पुढे मधे मिळून काकांसकट सहा जणं. म्हणजे गाडी कधीच रिकामी नसते, ऑर्डर करून परत येतानासुद्धा भांड्यांचं वजन असतंच. आणि ऑर्डरी फक्त शहरात नसतात, महेश्वर, ओंकारेश्वर, मंडलेश्वर इकडे मुंजी आणि धार्मिक कार्यं खूप होतात. इंदूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि नर्मदेचा काठ बराच खाली, त्यामुळे जाताना उतार आणि येताना चढ, तोही दुपारी, थकलेल्या माणसांबरोबर आणि एसी लावून.

काय झालं

मे २०२३. महेश्वरला मुंज होती, जेवणं आटोपून भांडी भरून मंडळी दुपारी साडेतीनला निघाली. निमाडातला मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, खिडकीतून हात बाहेर काढवत नाही. मंडलेश्वरवरून जाम घाटाने महूकडे यायचं ठरलं कारण तो रस्ता जवळ पडतो. घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरवर, एसी चालू, पुढे एक ट्रॅक्टर. काका सांगतात की त्यांनी दोन वेळा टेंपरेचर मीटरकडे बघितलं आणि दोन्ही वेळा काटा मधोमध, रोज असतो तिथेच होता. वर अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा आहे, तो यायला दोनेक किलोमीटर असतील तेव्हा आधी गोडसर वास आला, मग झाकणाच्या फटीतून वाफ, आणि मग काटा एकदम लाल पट्टीत गेला. म्हणजे काट्याने सांगितलं तेव्हा वाफ डोळ्यांना दिसत होती.

गाडी बाजूला घेतली. पुढे जे झालं ते मी नीट लिहितोय कारण माझ्या मते खरं नुकसान तिथेच झालं. दहा मिनिटं थांबून, रेडिएटरच्या कॅपवर ओलं फडकं टाकून ती उघडली, पाणी उसळलं, सुदैवाने कोणी भाजलं नाही. मग गाडीत महेश्वरहून नर्मदेचं पाणी भरून आणलेले दोन कॅन होते, घरच्या देवासाठी आणलेले, ते दोन्ही रेडिएटरमधे ओतले. गरम हेडवर, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या धातूच्या ठोकळ्यावर, थंड पाणी. इंजिन पूर्ण थंड व्हायला तास तरी लागतो आणि ते दहाच मिनिटं थांबले होते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूरात दीडशे पानांची ऑर्डर होती, घाई समजण्यासारखी होती.

गाडी घरापर्यंत आली. दोन दिवसांनी सकाळी चालू केली की पांढरा धूर, रेडिएटरची कॅप थंड इंजिनवर काढून चालू केलं तर आत बुडबुडे. नवलख्याकडे काकांचं नेहमीचं गॅरेज आहे, त्याने बघितल्या बघितल्या सांगितलं, 'गास्केट गया, हेड खोलना पड़ेगा.' गॅस्केट म्हणजे हेड आणि इंजिन ब्लॉकच्या मधलं पातळ सील. हेड काढून लेथवाल्याकडे नेलं, त्याने सपाट पट्टी ठेवून फिलर गेज घातला तर मधल्या भागात ०.१५ मिलिमीटरची पत्ती आरामात जात होती. हेड बेंड. फेसिंग (हेड घासून पुन्हा सपाट करणं), गॅस्केट, ऑइल, मजुरी, आणि लग्नसराईत नऊ दिवस भाड्याची गाडी, सगळं मिळून काकांचे बावन्न हजार गेले.

अडचण नेमकी कुठे होती

काकांचा पहिला प्रश्न हाच होता, 'अरे बेटा, काटा तर मधे होता. मग मी चुकलो कुठे?' आणि ते खरंच चुकले नव्हते, काट्यावर विश्वास ठेवायलाच तो असतो.

मी दोन गोष्टी समजावल्या. एक, बऱ्याच गाड्यांमधे कंपनीचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. खरं तापमान चढावर, उतारावर, सिग्नलवर सारखं आठ दहा डिग्री वरखाली होतं, काटा तसाच हलला तर लोक घाबरून गॅरेजला येतील, म्हणून मधल्या मोठ्या पट्ट्यात काटा जवळजवळ स्थिर राहतो आणि अगदी वर गेल्यावरच पळतो. दोन, उकळायचा आकडा गाडीगाडीचा वेगळा असतो. निम्मं कूलंट निम्मं पाणी असं मिश्रण उघड्या भांड्यात १०७ च्या आसपास उकळतं, पण रेडिएटरची कॅप जवळजवळ एक बारचा दाब धरते तेव्हा तेच मिश्रण १२५ च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. आता काकांच्या गाडीत कूलंट जवळजवळ उरलंच नव्हतं, मागच्या दोन वर्षांत जिथे कमी झालं तिथे बोअरचं पाणी टाकलेलं, आणि कॅपची स्प्रिंग बोटाने दाबली तर दबत होती. दाब धरत नसेल तर साधं पाणी इंदूरच्या उंचीवर ९८ लाच उकळतं. म्हणजे कंपनीची लाल पट्टी ज्या हिशोबाने आखली तो हिशोबच या गाडीत उरला नव्हता.

पर्याय काय काय बघितले

गॅरेजवाल्याचं म्हणणं सोपं होतं, 'थर्मोस्टॅट निकाल दो, गाड़ी कभी गरम नहीं होगी.' हे आपल्याकडे फार चालतं. मी विरोध केला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, ती साधारण ८२ ते ८८ च्या मधे उघडते, ती काढली तर थंडीत इंजिन नीट तापतच नाही, डिझेल जास्त लागतं, आतली झीज वाढते. आणि घाटात ती तशीही पूर्ण उघडलेली असते, म्हणजे रेडिएटरच कमी पडत असेल तर तिथे फायदा शून्य. काका जरा नाराज झाले कारण फुकट होणारं काम होतं, पण ऐकलं.

गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटमधे लावायचा, मोबाइलवर आकडे दाखवणारा ओबीडीवाला डोंगल माझ्या डोक्यात पहिला होता. नव्या गाडीला तोच लावा, स्वस्त आणि वायर कापायची नाही. पण या गाडीला मेकॅनिकल पंप आहे, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर नाही, सॉकेटच नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

जुन्या ट्रॅक्टरना असतो तसा नळीवाला मेकॅनिकल मीटर, ज्यात तांब्याची बारीक नळी इंजिनपासून डॅशबोर्डपर्यंत येते, हा मला मनापासून आवडतो, वीज लागत नाही आणि सहसा खोटं बोलत नाही. पण नळी वाकली किंवा तुटली तर मीटर गेला, आणि काकांच्या गाडीत इंजिनचं झाकण आठवड्यातून दोनदा उघडतं. शिवाय त्याला आवाज नाही. घाटात ड्रायव्हरचे डोळे रस्त्यावर असतात, आकडा कितीही अचूक असला तरी बघणार कोण.

मग राहिले दोन रस्ते. वरच्या होज पाइपमधे, म्हणजे इंजिनमधलं गरम पाणी रेडिएटरकडे नेणाऱ्या रबरी नळीत, अडॅप्टर बसवून त्यात सेन्सर आणि डॅशबोर्डवर आकड्यांचा मीटर बझरसकट, किंवा सेन्सर पाण्यात न घालता थेट हेडच्या धातूला बोल्टखाली कसायचा आणि त्याचा अलार्म. मी म्हटलं दोन्ही लावूया. पहिला सांगेल की रोज काय चाललंय, दुसरा पाणीच निघून गेलं तरी ओरडेल, कारण पाण्यातला सेन्सर पाणी असेपर्यंतच खरा असतो. काका म्हणाले, 'एकाने काम होतंय ना? मग दुसरा कशाला, आधीच बावन्न गेलेत.' मी फार ताणलं नाही. हा पहिला मोठा निर्णय आणि तो चुकला, त्यावर पुढे येतोच.

काय केलं

मीटर, सेन्सर आणि बझर मिळून चौदाशे पन्नासला जेल रोडवरून आणलं, अडॅप्टर आणि चांगल्या क्लिपा सियागंजमधून. अडॅप्टर घेताना होजचा आतला व्यास मोजून घ्या, आम्ही अंदाजाने आणला तो दोन मिलिमीटर मोठा निघाला, परत फेरी झाली.

गाडीला हात लावायच्या आधी सेन्सर तपासला, आणि हे मला या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं. काकांच्या स्वयंपाकघरात मसालेभाताच्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, सेन्सर दोऱ्याने लटकवला, पातेल्याच्या तळाला टेकू दिला नाही, सेन्सरच्या पितळी बॉडीला एक वायर बांधून बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी मीटरला. खळखळ उकळी आली तेव्हा मीटर ९७ दाखवत होता. इंदूरला ९८ च्या आसपास यायला हवं, म्हणजे एक डिग्रीचा फरक, चालेल. काकू म्हणाल्या की आमच्या घरात पाण्याला एवढं निरखून कोणी बघितलं नव्हतं.

मग बसवलं. इंजिन पूर्ण थंड, कूलंट बादलीत काढून घेतलं, वरचा होज थर्मोस्टॅटच्या डब्यापासून चार बोटं सोडून कापला, अडॅप्टर घातला, दोन्हीकडे क्लिपा. मीटरला सप्लाय इग्निशन चालू असतानाच येईल अशा लाइनवरून, मधे २ अँपिअरचा फ्यूज. वायर एक्झॉस्टपासून लांब, जिथे जवळून जाणं भाग होतं तिथे काचधाग्याची स्लीव्ह. नवं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमधे मिसळून भरलं, नवी कॅप लावली. बोअरचं पाणी यापुढे नाही हे काकांकडून कबूल करून घेतलं. नळाला नर्मदेचं पाणी येतं, नर्मदाकाठच्या जलूदहून पंप करून आणलेलं, ते पिण्याला उत्तम आहे पण रेडिएटरमधे तेही नको, कुठल्याही नळाच्या पाण्यातले क्षार आत बसतातच. हवा काढायला गाडीचं नाक चढावर ठेवून, हीटर पूर्ण उघडून, कॅप काढून अर्धा तास चालू ठेवली. रेडिएटर आणि इंजिनमधे लांब पाइप असलेल्या या असल्या गाड्यांमधे हवा फार अडकते, घाई केली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम.

चालू केली आणि मीटरवर ७१. वरचा पाइप हाताला धरवत नाही इतका गरम, आणि आकडा ७१. हेडलाइट लावल्या की ६५. इथे माझी चूक होती. एका वायरचा सेन्सर असला की त्याची बॉडी हीच दुसरी वायर असते, आणि बॉडी रबरी होजच्या मधल्या अडॅप्टरमधे असल्यामुळे तिला इंजिनची अर्थिंग मिळतच नाही. अडॅप्टरवर त्यासाठी वेगळा स्क्रू असतो, मी तिथून वायर काढली होती पण दुसरं टोक रंग दिलेल्या पट्टीला कसलं होतं, जिथे हेडलाइटची अर्थिंगही होती. असल्या सेन्सरमधे तापमान वाढलं की रेझिस्टन्स कमी होतो, त्यामुळे अर्थिंगमधला खराब जोड जेवढा रेझिस्टन्स वाढवतो तेवढा इंजिन थंड असल्याचा भास होतो. म्हणजे खराब अर्थिंगची चूक नेमकी धोकादायक बाजूला जाते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. वायर थेट इंजिन ब्लॉकच्या बोल्टला, खालचा रंग पॉलिश पेपरने काढून कसली. ८६. हेडलाइट लावा, हॉर्न वाजवा, ८६ च.

बझरचंही असंच. मीटरच्या आतला बझर घरात कानठळ्या बसवतो, आणि चालत्या डिझेल व्हॅनमधे एसीच्या फुल पंख्यात, मागे पातेली खडखडताना ऐकूच येत नाही. काकांना गाडीत बसवून, गाडी रिंग रोडवर चालवत मी टेस्टचं बटण दाबलं तर ते म्हणाले कधी दाबतोस? मग रिले घालून रिव्हर्सला वाजतो तो हॉर्न डॅशबोर्डच्या खाली लावला आणि स्पीडोमीटरच्या शेजारी लाल दिवा.

आकड्यांनी काय सांगितलं

जुलैमधे खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे भेरूघाटात चाचणी घेतली, भांडी भरून, खाली बलवाड्यापर्यंत जाऊन परत चढून. पाऊस होता, हवा गार होती. शहरात ८४ ते ८८. चढताना ९३, ९६, ९९, वर येईपर्यंत १०१. आणि कंपनीचा काटा? मी काकांना ८४ ला फोटो काढायला लावला होता आणि १०१ ला पुन्हा. दोन्ही फोटोंत काटा एकाच जागी, काडीपेटीतल्या काडीच्या जाडीएवढा फरक. काका तो फोटो बराच वेळ बघत बसले होते.

पण खरा प्रश्न वेगळा होता. पावसात १०१ म्हणजे मेमधे काय होईल? हेडचं काम झालं, कॅप नवी, कूलंट नवं, गॅरेजने सगळं ओके सांगितलं होतं. तरीही चढावर आकडा थांबत नव्हता, चढतच होता, आणि हे रेडिएटर कमी पडत असल्याचं लक्षण. रेडिएटर काढून वरची टाकी उघडली तर नळ्यांची तोंडं पांढऱ्या क्षारांनी अर्धी बुजलेली. नळ्यांमधे रॉड मारून रेडिएटर साफ करून घेतला. पुढच्या आठवड्यात त्याच घाटात, तेवढ्याच वजनाला ९२, आणि शेवटच्या दोन किलोमीटरमधे आकडा ९२ वरच टिकून राहिला. मीटरचे चौदाशे पन्नास माझ्या मते त्या दिवशी वसूल झाले, कारण मेमधे गाडी तापली ती या बुजलेल्या रेडिएटरमुळे, आणि तो तसाच राहिला असता तर पुढच्या मेमधे पुन्हा तापली असती.

अलार्म १०५ ला लावायचा असं पाकिटावरच्या कागदावर होतं. आम्ही १०२ ठेवला. पद्धत साधी आहे, आपल्या गाडीचा सगळ्यात कठीण चढावरचा निरोगी आकडा बघायचा आणि त्याच्या आठ दहा डिग्री वर अलार्म. फार जवळ ठेवला तर रोज वाजेल आणि मग कोणी लक्ष देणार नाही, फार लांब ठेवला तर वाजेपर्यंत वेळ गेलेली असेल.

पुन्हा एक प्रसंग, नोव्हेंबर २०२३

त्या दिवशी गाडी दादा चालवत होता, काकांचा मुलगा. ओंकारेश्वरला सकाळचा नैवेद्य आणि जेवण, पहाटे पाचला निघाले. थंडी होती म्हणून हीटर लावलेला, मधल्या सीटवर दोन मावशी शाली घेऊन. तेजाजीनगर सोडल्यावर थोड्या वेळाने दादाच्या लक्षात आलं की मीटर ८८ वरून ८० वर आलाय. मग ७४. मग ६५.

दादाला वाटलं अर्थिंग पुन्हा सुटली. त्याला हे वाटणं अगदी स्वाभाविक होतं, कारण जुलैमधे त्याने मला तीच चूक दुरुस्त करताना बघितलं होतं, आकडा खाली म्हणजे अर्थिंग. आणि आकडा खाली जातोय म्हणजे गाडी गरम तर होत नाहीये, परत आल्यावर बघू. बझर अर्थातच गप्प.

मावशी म्हणाल्या, 'अरे, हीटर बंद केलास का? गार वारा येतोय पायाला.'

हीटर बंद केला नव्हता. हीटरमधे इंजिनचंच गरम पाणी फिरतं, आणि हीटर चालू असताना वारा गार आला याचा अर्थ तिथे पाणी पोहोचत नाहीये. दादाला हे सगळं त्या क्षणी सुचलं असं नाही, तो म्हणतो की मीटर थंड आणि वाराही थंड हे विचित्र वाटलं म्हणून थांबलो. लगेच इंजिन बंद केलं. टॉर्च मारली तर खालच्या होजची क्लिप ढिली होऊन पाइप अर्धा सरकलेला आणि रस्त्यावर मागे हिरव्या पाण्याची रेघ.

वरचा होज ही आमच्या गाडीत कूलंटची जवळजवळ सगळ्यात उंच जागा. पाणी कमी झालं की आधी तोच रिकामा होतो, आणि सेन्सर नेमका तिथे. तो वाफेत आणि हवेत लटकून थंड होत होता आणि हेड खाली तापत होतं. आमचा नवा, पातेल्यात तपासलेला मीटर इमानदारीने हवेचं तापमान दाखवत होता.

या वेळी कोणी कॅप उघडली नाही, पाणी ओतलं नाही. दादाने मला फोन केला, मी म्हटलं सव्वा तास हात लावू नको. मावशींनी तिथेच रस्त्याच्या कडेला थर्मासमधला चहा काढला, मागवलेली दुसरी गाडी येऊन निम्मं सामान घेऊन पुढे गेली, नैवेद्य वेळेवर पोहोचला. थंड झाल्यावर पाइप चढवून क्लिप कसली, पाणी भरलं, हळू हळू परत आणली. धूर नाही, बुडबुडे नाहीत, पंधरा दिवस रोज सकाळी पातळी बघितली, हेड वाचलं. क्लिप कोणी ढिली सोडली तर बहुतेक मीच, जुलैमधे कूलंट काढताना तोच होज मी सोडवला होता.

मग धातूवरचा सेन्सर

डिसेंबरमधे काकांनी स्वतःच विचारलं की तो दुसरा सेन्सर किती रुपयांना म्हणाला होतास. बाजारात एक अगदी स्वस्त तापमान कंट्रोलर बोर्ड मिळतो, लाल आकड्यांचा, मी कारखान्यात बरेच वापरलेत, पण तो ११० पर्यंतच मोजतो आणि इथे नेमकं ११० च्या पुढचंही दिसायला हवं, म्हणून गाडीसाठीच बनवलेलं रिंगवालं अलार्म युनिट घेतलं, एकवीसशे रुपये.

ती रिंग कुठे कसायची यावर गॅरेजवाल्याशी बराच वाद झाला. तो हेडचाच एक बोल्ट सोडून खाली रिंग घालायला निघाला होता. मी हात धरला. हेडचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कने, ठरलेल्या क्रमाने कसलेले असतात, त्यातला एक सोडून खाली वॉशरसारखं काही घातलं तर गॅस्केटचा दाब बिघडतो, नुकतंच बावन्न हजार घालून बसवलेलं गॅस्केट. इंजिन उचलायला हेडवर लोखंडी हूक असतो, त्याचा बोल्ट हेडमधेच जातो आणि तो सोडला तर काही बिघडत नाही. रिंग त्याखाली. धातूला धातू लागावा म्हणून जागा घासून साफ केली.

महिनाभर फक्त आकडे बघितले. सपाट रस्त्यावर धातू पाण्यापेक्षा दोन तीन डिग्री वर, चढावर पाच सहा. म्हणून त्याचा अलार्म १०७ ला. आणि काकांच्या, दादाच्या, दोघांच्याही समोर गाडी उभी करून मी समजावलं की आता दोन आकडे आहेत आणि ते एकमेकांबरोबर चालायला हवेत. दोन्ही वर जातायत तर पाणी आहे पण इंजिन थकलंय, तेव्हा एसी बंद, हीटर पूर्ण, बाजूला घेऊन न्यूट्रलमधे थोडी रेस देऊन चालू ठेवायची म्हणजे पंखा आणि पंप फिरत राहतील. धातू वर आणि पाणी खाली जातंय तर पाणी गेलं, तेव्हा एक सेकंदही चालू ठेवायची नाही. ही दोन वाक्यं काकूंनी मोठ्या अक्षरात कागदावर लिहिली आणि काकांनी तो कागद सन व्हायझरला चिकटवला.

निकाल

एप्रिल २०२४ मधे भेरूघाटात ट्रकांच्या रांगेमागे पहिला खरा अलार्म वाजला. पाणी १०२, धातू १०८, दोन्ही बरोबर वर. काकांनी कागदावरची पहिली ओळ केली, सहा मिनिटांत पाणी ९५ वर आलं. घरी येऊन बघितलं तर पंख्याचं व्हिस्कस कपलिंग, म्हणजे इंजिन गरम झालं की पंख्याला घट्ट धरून फिरवणारा जोड, गेलेलं, गरम इंजिनवरही पंखा हाताने सैल फिरत होता, अर्थात इंजिन बंद करून. कपलिंग बदललं. मे २०२४ ला पुन्हा महेश्वर, पुन्हा दुपार, पुन्हा जाम घाट, एसी मंडलेश्वरलाच बंद केला. मंडलेश्वर सोडताना ८७, घाटाच्या मधे ९३, दरवाज्याजवळ ९६. वर थांबून तीन मिनिटं चालू ठेवून मगच बंद केली. नर्मदेचे दोन्ही कॅन देवघरात पोहोचले.

मीटर, अलार्म, अडॅप्टर, रिले, वायर सगळं मिळून खर्च साडेचार हजारांच्या आत. रेडिएटर आणि कपलिंग वेगळं, पण ते तसंही करावंच लागलं असतं.

आज पुन्हा करायचं झालं तर

धातूचा सेन्सर आधी लावीन, पाण्याचा नंतर. काकांकडे एकाचेच पैसे असते तरीही धातूचाच. जूनमधे मी ताणून धरायला हवं होतं, मला माहीत होतं की वरचा होज आधी रिकामा होतो आणि तरी मी हो म्हटलं, कारण त्यांचे नुकतेच एवढे पैसे गेले होते आणि मला ओझं वाढवायचं नव्हतं.

होज सोडवला की त्याची क्लिप दोनदा कसायची, एकदा थंड आणि एकदा दोन दिवस गाडी चालल्यावर, कारण नवं काम थोडं बसतं. मी दुसऱ्यांदा बघितलंच नाही.

दादाला मी अर्थिंगची चूक दाखवली पण ती मिटली हे ठासून सांगितलं नाही, म्हणून त्याच्या मनात आकडा खाली म्हणजे वायर ढिली हेच राहिलं. त्याच दिवशी त्याला सांगायला हवं होतं की यापुढे आकडा कारण नसताना खाली गेला तर तेसुद्धा थांबायचं कारण आहे.

रेडिएटरमधे पातळीचा सेन्सर, म्हणजे पाणी कमी झालं की लगेच सांगणारा, तो अजून लावलेला नाही. टाकीला भोक पाडावं लागतं आणि ही टाकी पितळेची जुनी आहे, कारागीर म्हणतो डाग देताना दुसरीकडे उघडू शकते. दिवाळीनंतर रेडिएटर बदलायचं काकांच्या मनात आहे, तेव्हा नव्या टाकीत आधीच ते सॉकेट बसवून घेऊ. तोपर्यंत रोज सकाळी, इंजिन थंड असताना, काका स्वतः कॅप उघडून बोट घालून बघतात.